मांजरखडप

आडबंदरच्या धक्क्यावर उभं राहिलं, की समोर खाडीच्या तोंडाशी एक काळा कातळ पाण्याबाहेर डोकं काढून बसलेला दिसतो. त्याला मांजरखडप म्हणतात. खडपावर मात्र एकही मांजर नाही. मांजरं सगळी इथं, धक्क्यावर. सकाळी होड्या लागल्या, की पहिली टोपली त्यांच्यापुढे रिकामी होते. तोवर मासळीला कुणी बोली लावत नाही. देवाचा वाटादेखील त्यानंतर निघतो. पाहुण्यांना नवल वाटतं, ते विचारतात, आणि मग गावातली जुनी माणसं आवडूची गोष्ट सांगतात.

होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालत, तेव्हाची गोष्ट. आवडूचा नवरा रवळू हा गावातल्या सगळ्या होड्यांचा म्होरक्या, तांडेल. बोलायचा कमी, पण त्याचा शब्द गाव खाली पडू देत नसे. त्या वर्षी समुद्र रुसला होता, असं सांगतात. जाळी हलकीच वर यायची. जी काही मासळी मिळे ती बायका पावसाळ्याच्या बेगमीला वाळूवर सुकत घालत, आणि तिच्यावर गावातली बेवारशी मांजरं तुटून पडत. त्यांचाही इलाज नव्हता. एरवी जाळ्यांतून झटकलेल्या बारीक मासळीवर ती जगायची. आता माणसं तीही वेचून घरी न्यायला लागली होती.

माणसं चिडली. कुणी म्हणालं, धरून ठेचा. पण मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर दिल्याशिवाय फिटत नाही, आणि इथं सोनं कुणी पाहिलंय! तेव्हा रवळूने तोड काढली. मांजरं पोत्यांत भरायची आणि खडपावर सोडून यायची.

"आपण मारूक नाय," तो म्हणाला. "म्हणजे पाप नाय."

"थंय गोडा पाणी खय आसा?" आवडूने विचारलं.

पोती होडीत चढली, आणि होडी रिकामी परत आली.

दुसऱ्या दिवशी आवडूने माशांची डोकी गोळा केली, पेजेत शिळा भात कालवला, गोड्या पाण्याचा कळसा भरला आणि लहान होडकं एकटीने पाण्यात लोटलं. मांजरं आधी कपारींत दडून राहिली. काही दिवसांनी मात्र तिच्या वल्ह्याचा आवाज ती ओळखायला लागली. होडकं दूर असतानाच सगळी कडेला येऊन धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडत, आणि टोपली खाली टेकली, की एकदम चिडीचूप होत.

रवळूच्या कानावर गेलं. "थंय परत गेलंस, तर माझ्या घरात पाय ठेवू नको," त्याने बजावलं.

आवडूने वाकळ उचलली. "तुमी त्यांका मरणाक सोडून इलात," ती म्हणाली. "मी त्यांका जगवतलंय." आणि किनाऱ्यावर जाळी ठेवायचा मांगर होता, तिथं ती राहायला गेली. नवरा समोरून जायचा तो मान फिरवून. त्याचं तिला दुःख होत नव्हतं असं नाही. पण होडकं तिने एक दिवसही चुकवलं नाही.

अशात माघातली एक सकाळ उजाडली ती धुक्यात. होड्या आदल्या संध्याकाळी समुद्रावर गेल्या होत्या, त्या परतल्या नव्हत्या. आवडू टोपली घेऊन निघाली, तशी शेजारची म्हातारी आडवी आली. "आज जाव नको गे बाय. हातभर दिसना नाय."

"भुकेक धुकां दिसना नाय, आये," आवडू म्हणाली.

मांजरांच्या ओरडण्याच्या अंदाजाने ती खडपाला लागली. टोपली टेकायला वाकली, तोच धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. मग हाक आली, ती रवळूची.

"आवडू! टोपली खाली ठेवू नको! ओरडांदे त्यांका!"

तिच्या ध्यानात आलं. होड्या वाट चुकल्या होत्या. खाडीचं तोंड अरुंद, दोन्ही अंगाला बुडते खडक. मांजरं ओरडताहेत तिथं खडप, आणि खडप डाव्या हाताला ठेवलं की बंदर. ती खायला लागली, की गप्प होणार.

आवडूने टोपली डोक्यावर धरली. उपाशी मांजरं तिच्या लुगड्याला लोंबकळली, पायांवर, दंडांवर चढली, नख्यांनी तिला ओरबाडायला लागली. रक्त आलं. पण रक्तापेक्षा तिला त्यांच्या ओरडण्याने जास्त कळा येत होत्या. "वायच रवा रे, वायच रवा," असं म्हणत ती रडत होती, आणि टोपली वरच होती. एकामागून एक होडी धुक्यातून अंगाजवळून गेली; एकही दिसली नाही. शेवटची रवळूची. "झाली! सगळी इली!" तो ओरडला.

तेव्हा तिने टोपली उपडी केली आणि खडपावर मटकन बसली.

रवळू बंदरात गेला नाही. त्याने होडी खडपाला लावली, धुकं विरेपर्यंत बायकोच्या शेजारी बसून राहिला, आणि मग एकेक मांजर स्वतःच्या हातांनी होडीत घेतलं. या खेपेला पोतं नव्हतं. त्याचेही हात सोलून निघाले. "घराक चल," एवढंच तो म्हणाला.

गावाने आवडूच्या नावाने शेंदराचा दगड मांडायचं ठरवलं. ती हसली. "माका देव करू नकात. पयलो वाटो ह्येंचो काढा."

"देवाच्या आदी?" पुजाऱ्याने विचारलं.

"देवाक थांबूक येता," आवडू म्हणाली. "ह्येंका मी एकदा थांबवलंय. परत थांबवूचा नाय."

आजही आडबंदरला आवडूचं देऊळ नाही, आणि आजही या धक्क्यावर मांजरापुढे मासा वर धरून कुणी त्याला खेळवत नाही. एखाद्या पाहुण्याने गंमत म्हणून तसं केलंच, तर जवळची कुठलीही बाई येते आणि त्याचा हात खाली करते.