चिंगी सुगरणीचा वाटा

एक होती सुगरण. तिचं नाव चिंगी. एवढंसं पाखरू, पण राग चोचीच्या टोकावर.

सगुणामावशीच्या शेतात ज्वारी पिकली. दरवर्षी कापणीत मावशी एक कोपरा उभाच ठेवायची. तो पाखरांचा वाटा.

यंदा मावशी गेली बाजाराला आणि शेतात आलं मोठं मशीन. घर्र घर्र घर्र. शेत कापलं. कोपराही कापला. सगळी ज्वारी मशीनच्या पोटात.

चिंगी मशीनपुढे जाऊन बसली.
"मशीन, मशीन, माझा वाटा दे."
"देत नाही, जा. ड्रायव्हर सांगेल तर देईन."
"वाटा माझा. सोडणार नाही."

भुर्र भुर्र गेली ड्रायव्हरकडे.
"ड्रायव्हरदादा, मशीनला सांग. मशीन वाटा देईना."
"सांगत नाही, जा. मी परगावचा. मालकिणीचा फोन येऊ दे."
"वाटा माझा. सोडणार नाही."

भुर्र भुर्र गेली ड्रायव्हरच्या मोबाईलकडे.
"मोबाईल, मोबाईल, वाज. ड्रायव्हर सांगेना, मशीन वाटा देईना."
"वाजत नाही, जा. टॉवर रेंज देईल तर वाजेन."
"वाटा माझा. सोडणार नाही."

भुर्र भुर्र गेली टॉवरकडे.
"टॉवर, टॉवर, रेंज दे. मोबाईल वाजेना, ड्रायव्हर सांगेना, मशीन वाटा देईना."
"देत नाही, जा. वायरमन लाईट सोडेल तर देईन."
"वाटा माझा. सोडणार नाही."

भुर्र भुर्र गेली वायरमनकडे.
"वायरमनदादा, लाईट सोड. टॉवर रेंज देईना, मोबाईल वाजेना, ड्रायव्हर सांगेना, मशीन वाटा देईना."
"सोडत नाही, जा. कावळ्याच्या घरट्याची तार खांबावर अडकलीय. ती निघू दे."
"वाटा माझा. सोडणार नाही."

भुर्र भुर्र गेली कावळ्याकडे.
"काऊदादा, तार काढ. वायरमन लाईट सोडेना, टॉवर रेंज देईना, मोबाईल वाजेना, ड्रायव्हर सांगेना, मशीन वाटा देईना."
"काढत नाही, जा. माझं घर मोडेल."
"मोडू दे. मी गवताचं विणून देते."

खुपस, ओढ. खुपस, ओढ. चिंगीची चोच दुखली, पण ती थांबली नाही. कावळा नव्या घरात ऐसपैस बसला.

मग काय! कावळ्यानं तार काढली. वायरमननं लाईट सोडली. टॉवरनं रेंज दिली. मोबाईल वाजला, ट्रिंग ट्रिंग.

"अरे बाबा, केव्हाची फोन लावतेय," मावशी म्हणाली. "तो कोपरा पाखरांचा आहे. त्यांचं त्यांना दे."

ड्रायव्हरनं जीभ चावली. मशीनला सांगितलं. मशीननं तोंड उघडलं. सर्र सर्र सर्र, कोपऱ्यात ज्वारीचा ढीग. चिंगीनं हाका मारमारून सगळी पाखरं जमवली. सगळी पोटभर जेवली.

मशीन निघालं शेजारच्या शेतात. घर्र घर्र घर्र. तिथल्या कोपऱ्यात, कणसावर, चिंगी आधीच बसली होती. मशीन जवळ आलं. आणखी जवळ आलं. चिंगी हलली नाही.

मशीन वळलं.