हुंब्या डोंगराचं स्थळ

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव, मग तुला मानीन! मी स्वतः मानत नाही, आणि गोष्ट तर माझीच आहे. बस. पाय पसरू नकोस.

शिंपलेबंदरचा राजा तुंबाजी बघण्याचे पैसे घ्यायचा. हो, बघण्याचे! गलबतं बघितली, टाका पैसे. देवळाचा कळस बघितला, टाका पैसे. समुद्राचे सगळ्यात जास्त, का तर तो मोठा! त्याला नाव होतं बघणावळ. एक डोळा मिटून बघितलं तर अर्धी. म्हणून बाहेरगावचे गरीब लोक तिथे एक डोळा मिटून हिंडायचे आणि माडांवर आपटायचे. अजिबात पैसे नसले तर वेशीवर डोळ्यांना फडकं बांधायचे. आणि राजाचा कुणावर म्हणून विश्वास नाही, त्यामुळे वेशीवर पाट टाकून तो स्वतःच बसायचा!

एक दिवस सकाळी घाटावरून दोघी आल्या. हौसा आणि तिची बायजाआत्या. गाठोड्यात भाकरी नि ठेचा, दुसरं काही नाही. आत्याचे डोळे अधू होत चालले होते. दिसतंय तोवर एकदा समुद्र बघायचा, एवढाच म्हातारीचा हट्ट.

"फुकट?" राजा ओरडला. "बरं, बघ! दिवस बुडायच्या आत माझी सगळी नगरी बघायची, एक कवडी न देता. आणि मी स्वतः हात जोडून 'बघा हो' म्हटलं पाहिजे! जमलं तर सुटलात. नाही जमलं तर दोघी जन्मभर माझ्या बंदरावर कोळंब्या सोलायच्या!"

"सोलू की," हौसा म्हणाली. "त्यात काय!"

आत्याने तिला चिमटा काढला. पण तोवर शिपायाने दोघींना फडकं बांधलंसुद्धा.

हौसा आत्याचा हात धरून चाचपडत निघाली ती थेट भर बाजारात. तिथे थांबली आणि अशी मोठ्यांदा बोलायला लागली, की म्हावऱ्याच्या पाट्या सोडून कोळणी गोळा झाल्या.

"आत्या, परत चल गं! आपल्या हुंब्या डोंगराला ही नगरी सांगून आली होती. म्हटलं, मुलगी बघून घेऊ. पण मुलीचा बाप बघूच देईना! डोळे बांधून घरात घेतात व्हय कुणी?"

आत्या पण काही कमी नव्हती. "खोट असेल बाई काहीतरी. झाकून ठेवलीय म्हंजे असणारच!"

"लंगडी असेल."

"नाहीतर टकली!"

कोळणी फिदीफिदी हसल्या. राजा वेशीवरून पाटासकट धावत आला.

"खोट? माझ्या नगरीत? कोण म्हणतो?"

"आम्ही कुठं म्हणतो, महाराज? लोक म्हणतील. मुलगी दाखवायचे पैसे घेणारा बाप आमच्याकडं कुणी बघितला नाही."

"नवरामुलगा करतो काय?"

"उभा असतो."

"व्यसन?"

"पावसाळ्यात पाणी पितो. तेवढंच."

"घराणं?"

"ढगांत ऊठबस आहे!"

राजाला घाम फुटला. चांगलं स्थळ हातचं चाललं! शेजारच्या बंदराला कळलं तर नाक राहील का? त्याने स्वतः फडकी सोडली, हात जोडले आणि म्हणाला, "बघा हो! नीट बघा! काय हवं ते विचारा!"

मग काय विचारता! आधी दोघींना पाटावर बसवून ओल्या खोबऱ्याचे पोहे. मग हौसाने सुरुवात केली.

"केस?"

राजाने माडांच्या बागा दाखवल्या. वारा सुटला होता, सगळ्या झावळ्या मोकळ्या. आत्या म्हणाली, "दाट आहेत. तेलसुद्धा घरचंच."

"स्वयंपाक येतो?"

बांगड्याचं तिखलं आलं, तांदळाची भाकरी आली, सोलकढी आली. आत्याने तीनदा मागून घेतलं. एकदा वाढून काय कळतं?

"गाते का?"

कोळी रापण ओढत होते, जाळ्याबरोबर सूरही ओढत होते. "आवाज जरा चढा आहे," आत्या म्हणाली, "पण डोंगराला लांबून ऐकू जायला तसाच हवा."

"आता चालून दाखवा."

राजा गडबडला. नगरी चालणार कशी? प्रधानाकडे बघितलं, प्रधानाने आभाळाकडे बघितलं. हौसा म्हणाली, "लंगडी असेल तर राहू द्या. आम्ही समजून घेऊ!"

"अजिबात नाही!" राजाने दोघींना होडीत बसवलं, स्वतः वल्ही हाणली. होडी सरकली आणि काय सांगू! अख्खा किनारा चालायला लागला, माडांसकट, देवळासकट, मासे सुकवणाऱ्या बायांसकट!

"चाल बरी आहे," हौसा म्हणाली. "जरा डुलते."

 आत्या दुसऱ्या बाजूला बघत होती, जिकडे नुसतं पाणीच पाणी. डोळे फाडफाडून बघितलंन्. मग म्हणाली, "एवढं पाणी! आणि एकही बाई हंडा घेऊन येत नाही!"

दिवस बुडाला. होडी धक्क्याला लागली. राजा घामाने निथळत उभा, हात अजून जोडलेलेच.

"मग? पसंत आहे ना मुलगी?"

"महाराज, आमची पैज..."

"पैज गेली खड्ड्यात! आधी पसंती सांग!"

हौसाने गाठोडं डोक्यावर घेतलं, आत्याचा हात धरला आणि म्हणाली,

"घरी जाऊन कळवतो!"

राजा आ वासून बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो जो हसला, जो हसला, की मुकुट पाण्यात पडला! तो तसाच वाहत जाऊ दिला. आत्याला हिरवं लुगडं दिलं, हौसाची ओटी नारळांनी भरली, वर सुक्या बांगड्यांची बैलगाडी दिली. आणि बघणावळ त्याच दिवशी बंद. वेशीवर येणारा कोण मुलाकडचा निघेल, काय सांगावं?

हुंब्या डोंगराने अजून कळवलेलं नाही. म्हणून तर समुद्र रोज किनाऱ्यापर्यंत येतो, निरोप आला का बघतो आणि हिरमुसून मागे जातो.

तोंड काय बघतोस माझं? बघणावळ लावीन! ऊठ, जा आता!