सणाचा मध

प्राणी बाजार भरवत, त्या काळची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झिपरू अस्वल दुकानातल्या मधाच्या मडक्यांत गुळाचं पाणी ओतत होतं. मध पुरवणाऱ्या सोनी मधमाशीने ते पाहिलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"हे काय चाललंय?"

"उद्या झुंबड उडणार. गर्दीत कोण चाखून बघतंय?" अस्वल हसलं. "नेहमीच्या गिऱ्हाइकांना सणानंतर चोख देईन."

"अरे मेल्या, ज्यांच्या घरी वर्षातून एकदाच मध जातो, तेच उद्या येणार! त्यांच्याच लेकरांना पाणी पाजतोस?"

तिने हाक मारताच अख्खं पोळं चवताळून दुकानात शिरलं. अस्वलाने घाबरून सगळी मडकी ओढ्यात ओतली.

दसऱ्याला दुकान बंद राहिलं. येणाऱ्या प्रत्येकाला सोनी कारण सांगत होती, आणि दर वेळी तिचा राग नव्याने पेटत होता.