पलंगावरून दिसणारा समुद्र

खारतळीच्या किनाऱ्यावर सुरूचं दाट बन होतं. पर्यटक वाढले तसं मोहनशेठनं बनामागे रिसॉर्ट बांधलं आणि समोरचं बन सपाट केलं. पाहुण्यांना पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसायला हवा, असं त्याचं म्हणणं. गावाला रोजगार मिळेल म्हणून ग्रामसभेनंही संमतीचे हात वर केले.

झाडं गेली, मागोमाग वाळूही जाऊ लागली. दोन-तीन पावसाळ्यांत अर्धा किनारा समुद्रानं नेला. तेव्हा मोहनशेठनं सरपंचाला सांगून सभा बोलावली.

"तुम्ही कोळी होड्या ओढून ओढून वाळू खरवडता," तो म्हणाला. "यंदापासून किनाऱ्यावर एकही होडी दिसता कामा नये."

पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारायची तिथली रीत. त्या आता ठेवायच्या कुठे, हे सरपंचानं विचारलंच नाही. कोळीवाड्यातली शेवंती तांडेल उठली.

"शेठ, होड्या आमचे पणजेही ओढायचे. तेव्हा किनारा जागेवर होता."

"मग समुद्र आत का येतोय, ते तूच सांग."

"तुम्हाला पलंगावरून समुद्र बघायचा होता, म्हणून मधला आडोसा काढलात. आता समुद्रालाही तुमचा पलंग दिसतो."

सभा हसली. होड्यांचा विषय तिथेच बारगळला.

शेठ मात्र हसला नाही. त्यानं वरून मंजुरी आणून फक्त रिसॉर्टपुढे दगडी बांध घालून घेतला. बांधावर आपटलेलं पाणी आता वळून कोळीवाड्यात शिरतं. तिथे कुणाच्याच घरात पलंग नाही.