बेटाला मारायची हाक

एकदा काय झालं, एका सकाळी दीपमाळेची सावली चुकली. रोज ती देवळासमोरच्या दगडी कासवावर पडायची. त्या दिवशी पडली हौसा कोळणीच्या टोपलीवर. हौसा म्हणाली, “सावलीलाही बोंबील हवेत वाटतं.” सगळे हसले. कुंदा मात्र दचकली.

का दचकली, ते सांगते. ते समुद्रातलं एवढंसं बेट, पण राजधानी होती बरं का. फार पूर्वी ते लाटांवर भटकायचं. मग पहिल्या राणीनं त्याला लेकीला मारावी तशी हाक मारली, “बाय, आहेस ना?” बेट थांबलं. राणीनं तिथंच नगर वसवलं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला एकेका घरानं बुरुजावर जाऊन तशीच हाक द्यायची. राजाच्या घरालाही पाळी चुकली नव्हती. समुद्रावरच्या होड्याही ती हाक ऐकूनच घराकडे वळायच्या.

काल पाळी कुंदाची होती. ती पलीकडच्या किनाऱ्यावर खूप शिकून आलेली. तिथल्या मैत्रिणी पाहुण्या आल्या होत्या, बाजूलाच उभ्या. त्यांच्यासमोर दगडमातीला बाय म्हणायचं? कुंदाला लाज वाटली. तिनं नुसते ओठ हलवले. लोकांना वाटलं, वाऱ्यानं आवाज नेला.

मग दुपारी पलीकडचा डोंगर लाडवाएवढा दिसायला लागला. मग सांज झाली, तरी काल मासेमारीला गेलेल्या होड्या परतल्या नाहीत. पहिल्या होडीवर कुंदाचे बाबा होते. आता तिला सगळं उमगलं. आपण लाजलो, म्हणून बेटही लाजलं आणि गुपचूप निघून गेलं.

त्या दिवशी राजाची पाळी. तो बुरुजावर चढला, तेवढ्यात कुंदा सगळ्यांदेखत म्हणाली, “महाराज, काल मी हाक मारलीच नाही.”

कोणी रागावलं नाही. हौसाचा नवराही होडीतच होता. तिनं फक्त तोंड फिरवलं. राजा बाजूला सरला.

पहिली हाक घशातच राहिली. दुसरी तिनं शिकलेल्या, छान शब्दांत मारली. बेट आपलं चाललंच. मग कुंदानं कोणाकडे बघितलं नाही. छाती फुटेल अशी ओरडली, “बाय, आहेस ना?”

पायाखालचा बुरुज थरथरला. बेट थांबलं. हळूहळू मागे वळलं. पण होड्या कुठे? कुंदा हाका मारतच राहिली.

पुढे सगळे घरी आले, गरम भात जेवले, सुखानं झोपले. तुम्हीही झोपा आता. डोळे मिटा, म्हणजे त्या रात्री बुरुजावर कुंदाला काय ऐकू आलं, ते तुम्हालाही ऐकू येईल. लांबून वल्ह्यांचा आवाज आला, आणि त्यातून बाबांचा.

“आहोत गो बाय, आहोत. काल कुठे होतीस?”