पान्ह्याच्या दोन बहिणी

एकदा काय झालं, एका राजाला नवसानं मुलगा झाला. शमे, पाय पांघरुणात घे, मगच सांगते. राणीचं नाव शेवंती. बाळ जन्मल्या जन्मल्या मूठ चोखायला लागलं, इतकी त्याला भूक!

मग आला राजवैद्य. म्हणाला, "पहिले तीन दिवस आईचा चीक बाळाला द्यायचा नाही. पिवळा, घाण असतो तो. पिळून टाका आणि बाळाला मध चाटवा." घाण म्हणे! मेल्यानं कधी कुणाला पाजलं होतं का? पण राजानं मान डोलावली आणि बाळाला पलीकडच्या दालनात नेलं. राणी रडरड रडली.

आता नीट ऐका हं. प्रत्येक आईच्या अंगात दोन बहिणी राहतात. थोरली दूध तयार करते. धाकटी ते बाहेर सोडते, त्याला म्हणायचं पान्हा. बाळानं तोंड लावून ओढलं की दोघी जाग्या होतात. बाळ जितकं ओढेल, तितकं थोरली करते. धाकटी मात्र भारी लाजरी, बरं का. कुणी धाक दाखवला की दडून बसते. आता शेवंतीच्या बहिणींना उठवायचं कुणी? बाळ तर पलीकडे!

चौथा दिवस उजाडला, तरी दूध नाही. मग राणीला डिंकाचे लाडू चारले. काही नाही. मग वैद्यानं कसलासा लेप लावला. तरी काही नाही. मग राजा स्वतः आला, भालदार घेऊन, आणि ओरडला, "आमचा हुकूम आहे, दूध आलंच पाहिजे!" अरे, दूध काय तुझा शिपाई आहे? धाकटी जी दडली ती दडलीच. आणि तिकडे बाळाचं रडणं इतकं बारीक झालं, की दाराबाहेर ऐकूही येईना.

त्याच दुपारी राजाच्या ताटात खरवस होता. वेलची घातलेला. गोठ्यातली तांबडी गाय व्याली होती ना! खरवस कशाचा करतात, ठाऊक आहे? चिकाचाच! गाईचा चीक वाटी वाटी चापायचा आणि राणीचा म्हणे घाण. माझं तर डोकंच फिरतं बाई.

गोठा सांभाळणारी आनसाबाई दारात उभी होती. राजा म्हणाला, "आनसाबाई, फक्कड झालाय. आणखी चीक आण."

"आता नाही मिळायचा, महाराज. आधी वासरू प्यायला हवं. ते ढुशा देतं, तेव्हाच तांबडी पान्हा सोडते."

"ते मला नको शिकवूस. एवढं कुणालाही कळतं!"

आनसाबाईचा पारा चढला. "कळतं ना? मग तुमचं वासरू कुठं नेऊन ठेवलंय?"

राजानं खरवसाचं ताट बाजूला सारलं.

आनसाबाई थांबली नाही. तडक गेली, बाळाला उचललं, राणीच्या खोलीत नेलं. सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बाळाला राणीच्या उघड्या छातीशी ठेवलं. त्यानं एकदा ओढलं, दमलं. दुसऱ्यांदा ओढलं, दमलं. तिसऱ्यांदा ओढलं, आणि आले पिवळे चार थेंब. तेवढेच त्यानं गिळले. मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा, दिवसभर. थोरली भराभरा कामाला लागली. धाकटीची भीती गेली. दुसऱ्या दिवशी राणीच्या छातीत झिणझिण्या आल्या, आणि बाळ एकीकडे पितंय तर दुसरीकडूनही धार! बाळ घटाघटा प्यायलं.

राजा दारात येऊन म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

राणी म्हणाली, "मी रोज सांगत होते, माझं बाळ माझ्याजवळ द्या म्हणून. तुम्ही वैद्याला विचारलंत. मला विचारलं का?"

राजा आत पाऊल टाकायला लागला.

"आता बाहेर थांबा," राणी म्हणाली. "त्याचं पोट भरलं की बोलावते."

वैद्याला गोठ्यात शेण काढायला पाठवलं. राणी, बाळ, आनसाबाई, सगळी आनंदात राहिली. राजा अजून बाहेर उभा असला तर असू दे. तुम्ही डोळे मिटा पाहू.