वेखंडाचं पाणी

झाडं एकमेकांचं पाणी मोजायची, तेव्हाची ही गोष्ट. मोजतात अजूनही, फक्त बोलून दाखवत नाहीत.

सरूकाकूंच्या परसात न्हाणीचं पाणी साचायचं, त्या चिखलात वेखंड उभं होतं. लव्हाळ्यासारखी लांब पाती, बारा महिने हिरवी. कोरड्या वाफ्यातली शेवंती त्याच्यावर जळायची.

"फूल ना शोभा, आणि मेल्याला दिवसभर पाणी! मला मात्र एक तांब्या."

वेखंड म्हणालं, "बाई, तुला काकू केसांत माळतात. माझ्याकडे येतात त्या खुरपं घेऊन."

"लपव, लपव आपलं सुख!"

शेवंती हट्टाला पेटली. मातीखालून फुटवे सरकवत ती चिखलात शिरली, वेखंडाला खेटून बसली आणि पोट फुटेस्तोवर पाणी प्यायली. तिची मुळं कुजू लागली.

"अगं, परत जा," वेखंड म्हणालं.

"म्हणजे तू एकटं पिशील!"

अशात काकूंची लेक बाळंत झाली. काकूंनी खुरप्याने वेखंडाचा गड्डा उपटला, तर गुंतलेली शेवंतीही वर आली. काकूंनी दोन्ही मुळं हुंगली.

"हे वेखंड. आणि हे काय सडलंय मेलं!"

शेवंती कुंपणाशी जाऊन पडली. तिथून तिला ओसरी दिसत होती. बाळगुटीसाठी वेखंडाचा वाळलेला तुकडा सहाणेवर थेंबभर पाण्यात रोज झिजत होता, नखाएवढा उरला होता.

शेवंतीत अजून थोडी धुगधुगी होती. ती पुटपुटली, "बघा, तिथेसुद्धा त्यालाच पाणी घालतायत."